भाभींचा बॅले

भाभी जगाकडे दोन बोटांच्या फटीतून बघायच्या. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, त्याची कड तर्जनी आणि मधल्या बोटात धरून केलेली छोटीशी खिडकी, आणि त्या खिडकीत एक डोळा. आमच्या शहाद्यात, किंवा कुठल्याही बाजारपेठेच्या गावात, मारवाडी घरातल्या सुनेला असं बघताना तुम्ही पाहिलंच असेल. भाभींना त्या एका डोळ्याने जेवढं दिसायचं, तेवढं मला चष्मा लावून दोन डोळ्यांनी दिसत नाही.

आणि तोंडात एकच शब्द, "पक्कं." उद्या येणार का? पक्कं. पाय दुखतोय का? पक्कं. भाभी, हे आज चुकलं. पक्कं. म्हणजे होकार आहे, कबुली आहे की नुसतं मला गप्प करणं आहे, हे आपलं आपण ओळखायचं.

आता त्या सुरतेला असतात, मुलाकडे. वर्ष झालं जाऊन. माझ्या नाचाच्या क्लासमध्ये दुपारच्या बॅचला आधाराच्या दांडीच्या टोकाची जागा अजून कुणी धरत नाही. मी सांगितलेलं नाही कुणाला, पोरींनीच ठरवलंय.

सुरुवात झाली ती त्या दांडीपासूनच. पुण्याला नोकरी करता करता मी बॅले शिकले होते. गावी परत आले तेव्हा डोक्यात खूळ होतं की शहाद्यात बॅले शिकवायचा. आईने कपाळावर हात मारला. "हाऊ कोनता नाच शे, माय? पाय मोडी घेशी." पण मी एकदा ठरवलं की ठरवलं. एका दुकानाच्या वरचा हॉल भाड्याने घेतला, आरसे लावले. राहिली होती ती भिंतीलगतची दांडी. बॅलेत आधी तिला धरून उभं राहायला शिकायचं असतं.

पाईप घ्यायला मी भाभींच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. गादीवर त्यांचे सासरे बसलेले. बाबूजी. नव्वदीकडे झुकलेले, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, शेजारी काठी. खानदेशात उभा जन्म गेलेला असल्यामुळे गिऱ्हाइकाशी चोख अहिराणी. त्यांनी विचारलं, "नळ कोठे बसाडनं शे, बेन?"

मी म्हटलं, "नळ नाही बाबूजी. धरून नाचायचंय."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "नाचनारले आधार कसाले लागस?"

आता हा प्रश्न असा आहे की त्याला तोंडी उत्तर नाही. मी पर्स खाली ठेवली, त्यांचं काउंटर एका हाताने धरलं, टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली, मान वर केली आणि गुडघे वाकवून सावकाश खाली जाऊन सावकाश वर आले. ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेले कळसाडीचे दोन शेतकरी बघतच राहिले. बाबूजींनी शांतपणे पाईप कापायला सांगितला.

मी निघणार, तेवढ्यात दुकानातला जुना नोकर जवळ आला. दुकानाच्या मागे घर, मधल्या दाराला पडदा. तो त्या पडद्याकडे मान हलवत हळू आवाजात म्हणाला, "ताई, भाभी पुशी ऱ्हायनात, कितला वयलगून लेतस?"

पडद्याच्या कडेला दोन बोटं होती आणि त्यात एक डोळा.

"गुडघे वाकतात त्या वयापर्यंत घेते," मी म्हटलं.

दुसऱ्याच दुपारी, दुकान जेवणासाठी बंद झाल्यावर, भाभी जिना चढून वर आल्या. सोबत पहिलीतली नात. माझ्यासमोर त्यांनी पदर मागे घेतला आणि मी पहिल्यांदा तो चेहरा पाहिला. पन्नाशी उलटलेला, गोल, गालावर खळी असलेला आणि अत्यंत मिश्किल.

"हिला घालायचंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि मलाही. डॉक्टरांनी मानेचा व्यायाम सांगितलाय."

"मानेचा व्यायाम घरीही होतो, भाभी."

"होतो ना. पण घरी मान वर कुठे करणार?"

त्यांच्या घरची रीत मला हळूहळू कळली. सासऱ्यांसमोर सुनेने चेहरा दाखवायचा नाही, आणि त्यांच्याशी बोलायचंही नाही. लग्न होऊन आल्या त्याला तीस-पस्तीस वर्षं झालेली. सासूबाई जाऊनही बरीच वर्षं. बाबूजींचं जेवण, औषध, गरम पाणी, सगळं भाभीच बघायच्या. आणि तरी दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते. भाभी दाराची कडी वाजवायच्या, म्हणजे चहा ठेवलाय. बाबूजी भिंतीकडे बघून म्हणायचे, "दवाई ले ली." भिंत काही उत्तर देत नसे, पण आतून बांगड्या वाजायच्या, म्हणजे ऐकलं. कधी मधे नात असली तर तिच्यामार्फत निरोप, नाहीतर नोकरामार्फत. भाभींचे यजमान भला माणूस, पण त्यांचंही म्हणणं एवढंच, की बाबूजी आहेत तोवर रीत चालू दे.

मी शहरात राहून आलेली, मला चीड आली. मी म्हटलं, "भाभी, हे काय हो? या काळात?"

त्या माझ्यावरच रागावल्या. "बाबूजींना काही बोलायचं नाही. मला टायफॉइड झाला होता, तेव्हा रात्रभर दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. आत आले नाहीत, पण उठलेही नाहीत. माझं भांडण त्यांच्याशी नाही."

"मग कोणाशी आहे?"

"मानेशी," त्या म्हणाल्या. "लग्नात खाली घातली ती खालीच राहिली. तुम्ही दुकानात त्या पाईपसाठी वाकलात ना, गुडघे वाकले पण मान वरच. मी पडद्यामागे बघत होते. म्हटलं, हे पाहिजे. एकदा तरी आपल्या माणसांसमोर असं उभं राहायचं. पक्कं."

झालं. त्या दिवसापासून आमचं युद्ध सुरू झालं, भाभींच्या मानेविरुद्ध.

पाय छान होते त्यांचे. माहेरी लग्नाकार्यात घुमर नाचलेल्या, ताल अंगात मुरलेला. गुडघे माझ्या पोरींपेक्षा बरे वाकायचे. पण मान! हनुवटीखाली बोट लावून मी वर करायची, क्षणभर राहायची, आणि मी वळले की परत खाली. मी तापट आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. एकदा म्हटलं, "भाभी, फरशीवर काही सांडलंय का? सगळा वेळ तिथेच बघताय." पोरी खुदखुदल्या. भाभी सगळ्यांपेक्षा जास्त हसल्या, पण मान काही वर झाली नाही.

पुढच्या दिवशी त्या पिशवीतून एक तांब्याचा लोटा आणि जुन्या लुगड्याची चुंबळ घेऊन आल्या. म्हणाल्या, "लहानपणी विहिरीवरून घागरी आणायचे. डोक्यावर घागर असली की मान आपोआप सरळ. तुमचं बोट नको, हे ठेवा."

लोट्यात पाणी भरून डोक्यावर ठेवला आणि भाभी दांडी धरून उभ्या राहिल्या. काय सांगू तुम्हाला. मान अशी सरळ, खांदे असे खाली सुटलेले, की पुण्याच्या माझ्या बाईंनी पाहिलं असतं तर तोंडात बोटं घातली असती. त्या अवस्थेत भाभी सावकाश खाली गेल्या, सावकाश वर आल्या, आणि एक थेंब सांडला नाही. मग काय, सगळ्या पोरींना चुंबळी पाहिजे झाल्या. आठवडाभर माझ्या स्टुडिओची पाणवठ्यासारखी अवस्था, फरशी ओली, दोघी घसरून पडल्या, आणि एका आईने येऊन विचारलं की नेमकं काय शिकवता.

हळूहळू लोटा रिकामा झाला, मग नुसती चुंबळ राहिली, मग तीही गेली. भाभी म्हणायच्या, "डोक्यावर आहे असं धरायचं." आणि खरंच, मान राहायला लागली.

पण एक खोड काही जाईना. हॉलमध्ये कुणीही पुरुष आला, वायरमन असो, पाण्याचे जार देणारा असो, की भाभींचा उजवा हात विजेसारखा कपाळावर जायचा आणि नसलेला पदर खाली ओढायचा. अंगात लांब कुर्ता, खाली काळी लेगिंग, ओढणी कमरेला बांधलेली, डोक्यावर काहीच नाही, तरी हात जायचाच. आता भाभी पुढे उभ्या राहायच्या आणि लहान पोरी त्यांचं बघून करायच्या. एक दिवस कुणाचा तरी बाप मुलीचा डबा द्यायला दारात आला. भाभींचा हात कपाळावर. मागून सगळ्या पोरींचे हात कपाळावर. संगीताच्या ऐन तालात अख्ख्या बॅचने घुंघट ओढला, तोही इतका एकसारखा की एरवी महिनाभर ओरडूनही होत नाही.

मी टेप बंद करून बोंब मारली. भाभी आरशात बघत शांतपणे म्हणाल्या, "बघा, हा धडा किती लवकर शिकता येतो." मग पोरींकडे वळल्या. "हे नाही घ्यायचं हां. हे दादीचं आहे, तुमचं नाही." त्यानंतर हात गेला की त्या स्वतःच दुसऱ्या हाताने त्याला पकडून खाली आणायच्या, चुकार वासरू दावणीला आणावं तसं.

हिवाळ्यात क्लासचं गॅदरिंग ठरलं. उसाचा हंगाम जोरात, खालून ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, आणि आमचा टेपवरचा पियानो त्या ढणढणाटात कुठल्या कुठे हरवायचा. भाभी म्हणायच्या, चालू दे, मी आतून मोजते. त्यांचं एक छोटं नृत्य मी बसवलं होतं, एकटीचं. उड्या नाहीत, गिरक्या जेमतेम, फक्त हात, पावलं आणि शेवटी एका पायावर स्थिर उभं राहणं. बघायला सोपं, करायला महाकठीण.

अडचण साधी होती. नात नाचणार म्हणजे पणजोबा येणार. बाबूजी तिच्या शाळेचं साधं झेंडावंदनही चुकवत नसत. आणि समोर बाबूजी बसले म्हणजे भाभींना चेहरा उघडा ठेवून नाचता येणार नाही. घुंघट घेऊन बॅले? करायचा तर मग इतके दिवस लढलो कशासाठी?

मी मार्ग काढले. मी हुशार आहे, असं मला वाटतं. म्हटलं, तुमचं नृत्य आधी ठेवू, बाबूजींना नंतरची वेळ सांगू. भाभींनी मान हलवली. "चोरून नाही. चोरून तर मी इतके दिवस करतेच आहे, मानेचा व्यायाम म्हणून. तुमच्या हॉलमध्ये मान वर करायला कोण अडवतंय? मला त्यांच्यासमोर करायची आहे."

"आणि ते उठून गेले तर?"

"तर जातील. मी नाचणार, पक्कं. पूर्ण नाचणार. मग घरी जाऊन रडणार, तेही पक्कं."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी बाबूजींच्या दाराची कडी वाजवली. दाराआड उभ्या राहिल्या आणि नातीला जवळ घेऊन मोठ्याने म्हणाल्या, "पणबाबांना सांग, दादीसुद्धा नाचणार आहे." नात कसली ऐकते. ती आत धावली आणि तिने निरोपात स्वतःची भर घातली. "पणबाबा, दादी नाचणार! तोंड उघडं ठेवून! आणि एका पायावर!"

बाबूजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. भिंतीकडे बघून काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. भाभींना वाटलं चहा परत येईल, ताट परत येईल. तसंही काही झालं नाही. कडी वाजायची, चहा प्यायला जायचा. यजमान बावरलेले. त्यांनी मला फोन करून विचारलं, "मॅडम, कॅन्सल होईल का काही?" मी म्हटलं, "भाभींना विचारा." त्यांची हिंमत झाली नाही.

गॅदरिंगच्या दिवशी मंगल कार्यालयात बाबूजी सगळ्यांच्या आधी हजर. इस्त्रीचं धोतर, काठी, पहिल्या रांगेत मधोमध प्लास्टिकची खुर्ची. विंगेत भाभी उभ्या होत्या, राखाडी रंगाच्या लांब झग्यात, केस घट्ट बांधलेले. त्यांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. तोंडाने मात्र म्हणाल्या, "बाबूजींनी स्वेटर घातलेला नाही. थंडी वाजेल त्यांना."

लहान पोरींचं नृत्य झालं. नातीने एक पाऊल चुकवलं आणि प्रेक्षकांना हात केला. बाबूजींनी काठी मांडीवर आडवी ठेवून टाळ्या वाजवल्या. मग निवेदकाने भाभींचं नाव घेतलं. सभागृहात कुजबुज झाली. बाजारपेठेतली सगळी मंडळी होती, सगळ्यांना घर माहीत, रीत माहीत. माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

बाबूजी जागचे हलले. मला वाटलं, उठले. संपलं सगळं.

पण ते उठत नव्हते. त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. खांद्यावरचं उपरणं सावकाश काढलं, झटकलं, आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मग पुढे ओढलं. कपाळावरून, डोळ्यांवरून, मिशांवरून, पार छातीपर्यंत. आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसून राहिले.

मागे कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. शेजारी बसलेल्या यजमानांनी एकदा वडिलांकडे पाहिलं आणि डोळ्यांना रुमाल लावला. सून चेहरा झाकणार नाही म्हटल्यावर त्या माणसाने स्वतः घुंघट घेतला होता, सगळ्या पेठेसमोर. रीतही मोडली नाही, आणि तिची वाटही मोकळी करून दिली.

भाभींनी माझा हात सोडला. मला "जा" म्हणावं लागलं नाही.

त्या नाचल्या. मी काही आंधळी गुरू नाही, चुका दिसत होत्या. एका ठिकाणी उशीर झाला, एका गिरकीत टाच टेकली. पण मान! सबंध वेळ ती मान त्यांची स्वतःची होती. त्यांनी कुणाकडे खाली पाहिलं नाही आणि कुणाच्या डोक्यावरूनही पाहिलं नाही. शेवटी एका पायावर, दोन्ही हात वर, चेहरा उजेडात, त्या अशा उभ्या राहिल्या की संगीत संपलं तरी टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला. पहिल्या रांगेत एक पांढरं उपरणं श्वासागणिक हलत होतं. टाळ्या वाजल्या तेव्हा त्याखालून दोन म्हातारे हातही वाजले.

भाभी आत आल्यावर नात स्टेजवरून उतरली आणि पणजोबांच्या डोक्यावरचं उपरणं ओढून म्हणाली, "निघा बाहेर. झालं."

कार्यक्रम आटोपल्यावर मी दोघांना सोडायला फाटकापर्यंत गेले. यजमान गाडी आणायला गेले होते, नात त्यांच्याबरोबर. भाभींनी साडी नेसली होती आणि घुंघट नेहमीसारखाच नाकापर्यंत ओढला होता. मला ते जरा खटकलं. बाबूजी काठीवर भार देऊन उभे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, तिले पुस. बरं झायं का?"

नातही नव्हती, नोकरही नव्हता. निरोप न्यायची पाळी माझी होती. भाभी माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या, तरी मी रीतीप्रमाणे त्यांच्याकडे वळले आणि तोंड उघडलं.

"बरं झालं, बाबूजी," घुंघटातून आवाज आला. स्पष्ट, मोठा, न थरथरता. "एक गिरकी चुकली. बाकी पक्कं."

बाबूजींची काठी जरा हलली. त्यांनी भिंत शोधली की काय कोण जाणे, इकडेतिकडे पाहिलं. फाटकात भिंत नव्हती. मग ते तिच्याकडेच वळले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मधे कुणालाही न घालता, सुनेशी बोलले.

"तो चालो घरां," म्हणाले. "भूख लागी है."